पेठेतले लहान, जुने घर : घ्यावे की न घ्यावे?

पुण्याच्या रविवार, भवानी, नाना किंवा गणेश पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे आज एकच प्रश्न उभा आहे. घरातील माणसे वाढली, जागा मात्र तेवढीच राहिली. थोरल्या मुलाने उपनगरात नवी सदनिका घ्यावी, तर दुकानापासून अंतर वाढते, जाण्यायेण्यात रोजचे दोन तास खर्ची पडतात आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवणे व्यापाऱ्याला जवळजवळ अशक्य होते. अशा वेळी दलाल एखादे घर सुचवतो. अरुंद बोळातले, दोन खणांचे, वर एक माडी असलेले, साठ-सत्तर वर्षांचे घर. मागितलेली किंमत नव्या सदनिकेपेक्षा कमी असते. दुकान, देरासर, शाळा, सारे चालण्याच्या अंतरावर असते. मन मोहात पडते आणि विसाराची भाषा सुरू होते.

बँकेत गृहकर्जाची प्रकरणे तपासण्यात आयुष्याचा मोठा भाग गेल्यामुळे या मोहाचे दोन्ही शेवट पाहण्यात आले आहेत. काही कुटुंबांनी असे घर घेऊन उत्तम संसार थाटला, तर काहींची पुंजी वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत अडकून पडली. दोहोंत फरक नशिबाचा क्वचितच होता. विसार देण्यापूर्वी कोणी काय तपासले, यावरच बहुतेक सारे ठरले.

नेमके काय विकत घेतो आहोत?

जुन्या घराच्या व्यवहारात तीन अगदी वेगळ्या गोष्टी ‘घर’ या एकाच नावाने विकल्या जातात. पहिली म्हणजे जमिनीसह संपूर्ण मालकी आणि रिकामा ताबा. दुसरी म्हणजे मालकी, पण आत भाडेकरू. तिसरी म्हणजे पागडीची जागा, म्हणजे केवळ भाडेहक्क.

दुसऱ्या प्रकारात खरेदीदार जुन्या भाडेकरूंचा फक्त नवा घरमालक होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 यानुसार त्यांना संरक्षण असते, भाडेवाढ वर्षाला 4 टक्क्यांपुरती मर्यादित असते आणि ताबा मिळवण्यासाठी कायद्यातील कारणे न्यायालयात सिद्ध करावी लागतात. राहण्यासाठी घर हवे असलेल्या कुटुंबाने ‘भाडेकरू निघून जाईल’ या तोंडी आश्वासनावर एक रुपयाही देऊ नये. पागडीच्या हस्तांतराला कायद्याने मान्यता आहे. मात्र जमीन तुमची होत नाही, घरमालकाची संमती लागते आणि बँका अशा जागेवर गृहकर्ज द्यायला सहसा तयार नसतात.

कागदपत्रांची छाननी

विक्रेता बहुधा पालिकेची करपावती पुढे करतो. करपावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. पाहायची ती नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका. तिच्यावरील क्षेत्र, धारकांची नावे आणि फेरफार नोंदी बारकाईने वाचाव्यात. अनुभवी वकिलाकडून किमान 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. केवळ साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून मागील प्रत्येक व्यवहाराचे नोंदणीकृत खरेदीखत असल्याची खात्री करावी.

सर्वाधिक प्रकरणे अडतात ती वारसांवर. आजोबांच्या नावाची मिळकत दोन भाऊ विकायला निघतात आणि बहिणींचा उल्लेखही होत नाही. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुली 1956 पासून वारस आहेत. वडिलार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले. तेव्हा प्रत्येक बहिणीची, तसेच निवर्तलेल्या भावंडांच्या वारसांची खरेदीखतावर सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवेच. ‘ताई आपल्यातल्याच आहेत, काही म्हणणार नाहीत’ हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

शासकीय मोजणीही अवश्य करून घ्यावी. पेठेत सामाईक भिंती, शेजाऱ्याच्या अंगणात पडणारी पन्हळ, दुसऱ्याच्या बोळातून जाण्याची वहिवाट हे नित्याचे असते. कागदावरचे 600 चौरस फूट प्रत्यक्षात 540 भरले, तर तो फरक किंमत ठरवण्यापूर्वी कळलेला बरा.

उद्या पुन्हा बांधता येईल का?

जुन्या घराची खरी किंमत त्याच्या जमिनीत असते, आणि जमिनीची किंमत तिच्यावर पुढे काय बांधता येईल यावर ठरते. महापालिकेच्या विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेषा घराच्या कोणत्या भागातून जाते, हे लेखी विचारावे. बारा फूट दर्शनी रुंदीच्या घरातून रुंदीकरणाची पट्टी, जिना आणि शौचालय वजा केले की राहण्यासाठी किती उरते, ते वास्तुविशारदाकडून कागदावर काढून घ्यावे.

शनिवारवाड्याच्या परिसरात आणखी एक बंधन आहे. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. तेथे जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये बांधकामासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. या पट्ट्यातील घर स्वस्त मिळते, त्याचे कारण बहुधा हेच असते. दुरुस्त करून राहायचे असेल तर असे घर विचारात घेता येईल. पाडून तीन मजले उभारण्याचा बेत असेल, तर त्याचा नाद सोडावा.

नदीकाठच्या पेठांत पूररेषाही पाहावी. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मातीच्या भिंतींची असंख्य घरे या भागात कोसळली. दगडी जोते आणि सागवानी सांगाडा भक्कम असला, तरी भिंतीतली माती पाण्यात टिकत नाही.

घराची प्रकृती

घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे. उन्हाळ्यात रंग काढलेली भिंत काहीच बोलत नाही. तुळईची भिंतीत शिरलेली टोके आधी तपासावीत. ओल आणि वाळवी प्रथम तेथेच लागते. लाकडावर ठोकल्यास पोकळ आवाज आला किंवा पेचकस सहज आत गेला, तर तो सांगाडा बदलावा लागणार. भिंतीला ओळंबा लावून ती किती कलली आहे ते पाहावे. सांडपाण्याची वाहिनी कोणाच्या जागेतून जाते, पाणी किती वाजता आणि किती जोराने येते, हे सकाळी जाऊन स्वतः पाहावे. रुग्णवाहिका दारापासून किती अंतरावर थांबेल आणि घरातील ज्येष्ठांना तो उभा जिना चढवेल का, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हावा.

30 वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण कायद्याने आवश्यक आहे. पालिकेने धोकादायक इमारतीची नोटीस दिली आहे का, याची चौकशी पालिकेत करावी, केवळ विक्रेत्याकडे नव्हे. स्वतःचा अभियंता नेमावा. त्याचे शुल्क या व्यवहारातील सर्वांत सार्थकी लागणारा खर्च असतो.

हिशेब पूर्ण मांडावा

एक कल्पित उदाहरण घेऊ. घराची किंमत 60 लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क व त्यावरील अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. वकील, अभियंता व मोजणी यांसाठी 75 हजार. दुरुस्ती 12 लाख. जुन्या घरात भिंत उघडल्यावर खर्च वाढतोच, म्हणून दुरुस्तीच्या 20 टक्के राखीव, म्हणजे 2 लाख 40 हजार. एकूण 79 लाख 65 हजार. दलाली वेगळी. ‘60 लाखांचे घर’ प्रत्यक्षात 80 लाखांचे झाले.

आता कर्ज. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मिळकतीच्या मूल्याच्या कमाल 80 टक्के मर्यादा आहे आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या मूल्यात सहसा धरली जात नाही. शिवाय बँकेचा मूल्यांकनकार जुन्या बांधकामाला फारसे मूल्य देत नाही. त्याने मूल्य 50 लाख ठरवले, तर कर्ज 40 लाख. उरलेले 39 लाख 65 हजार स्वतःचे हवेत. साडेआठ टक्के दराने 15 वर्षांचा हप्ता सुमारे 39,400 रुपये येतो. बांधकामाचे उर्वरित आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असेल, तर मुदतही कमी होते आणि हप्ता वाढतो.

राहते घर केवळ स्त्रियांच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. वरील उदाहरणात 60 हजार वाचतात. 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात 1 टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, हेही विसरू नये.

येथे व्यापारी कुटुंबांना दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. पहिली, काही रक्कम रोखीने देण्याची सूचना आली तर साफ नकार द्यावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे आणि स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय व्यवहार मोडला तर रोखीने दिलेली रक्कम सिद्ध करता येत नाही, आणि पुढे घर विकताना कागदावरची कमी किंमत तुमचा करपात्र नफा फुगवते.

दुसरी, दुकानाचे खेळते भांडवल घरात गुंतवू नये. कॅश क्रेडिट मर्यादेतून काढलेली रक्कम दिवाळीच्या हंगामात मालासाठी लागते. ती भिंतीत गाडली गेली की देणेकऱ्यांच्या तारखा चुकतात आणि अनेक वर्षांत कमावलेली पत डळमळते. बाजारातील पत हेच ज्याचे खरे भांडवल, त्याने स्वस्त घरासाठी ती पणाला लावू नये.

निर्णय कसा घ्यावा?

एखाद्या वारसाची सही मिळत नसेल, रिकामा ताबा खरेदीखताच्या दिवशी मिळणार नसेल किंवा पालिकेने घर पाडण्यास सांगितले असेल आणि पुनर्बांधणीची वाट बंद असेल, तर या तिन्हींपैकी एकही गोष्ट आढळताच किंमत कितीही उतरली तरी उठून यावे. ओल, वाळवी, जुनी वायरिंग, मोडका जिना हे दोष मात्र पैशाने दूर होतात. त्यांचा अंदाज अभियंत्याकडून लेखी घ्यावा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी.

कागद स्वच्छ, जोते भक्कम आणि एकूण हिशेब आवाक्यात असेल, तर पेठेतले लहान घर हा आजही शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. वाचलेले रोजचे दोन तास, वडीलधाऱ्यांचे जवळ असणे आणि पायाखालची स्वतःची जमीन यांचे मोल बँकेच्या मूल्यांकन अहवालात कधीच येत नाही. मात्र त्या अहवालाशिवाय या मोलाच्या मागे लागू नये.