पाऊस आणि ताप यांच्यामधले दिवस

जुलैत सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या कुणग्यांमध्ये भाताची लावणी चालू असते. पोटरीभर चिखल, हातात तरव्याच्या जुड्या, वरून सरीवर सरी. त्याच चिखलात रात्री कधीतरी उंदीर मुतून गेलेला असतो. त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू पाण्यात उतरतो. मळसूत्री अंगाचा, टोकांना आकडे असलेला आणि इतका बारीक, की दहा हजार जिवाणू अंगाला अंग लावून ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर रुंदी भरावी. उन्हात वाळलेल्या मातीत तो मरतो. उबदार, ओल्या चिखलात मात्र कित्येक आठवडे तग धरतो. पायाला दगड घासून कातडी जराशी सोलवटलेली असली, तरी त्याला तेवढं दार पुरतं.

तो आत शिरतो, आणि मग काहीच होत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवस माणूस ठणठणीत असतो. लावणी आटोपते, बैलांची औतातून सुटका होते. मग एका दुपारी हुडहुडी भरते, डोळे लाल होतात, पोटऱ्या अशा दुखतात की उभं राहवत नाही. गावात कुणीतरी म्हणतं, ‘लेप्टो तर नाय मा?’ लवकर ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होणारा हा आजार, उशीर झाला की मूत्रपिंड आणि यकृत धरतो.

मला या गोष्टीत सगळ्यांत थक्क करतात ते मधले दिवस. पाऊस पडून गेला आहे, जिवाणू शरीरात आहे, ताप अजून यायचा आहे. आणि आता त्यांच्या आधी आणखी चार-पाच दिवस जोडा. कारण अतिवृष्टी होणार हे भारतीय हवामान विभाग तेवढं आधी बऱ्यापैकी भरवशाने सांगू लागला आहे. म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला तापाच्या लाटेची चाहूल आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही आधी लागू शकते. पहिला रुग्ण आजारी पडण्याच्या आधी! वैद्यकशास्त्रात इतकी आगाऊ सूचना फार थोड्या रोगांबाबत मिळते.

या दिवसांत करता येण्यासारखं काही आहे का? आहे. १९८० च्या दशकात पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांना आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिनची २०० मिलिग्रॅम मात्रा देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्यात लेप्टो जवळजवळ दिसेनासा झाला. पुढे अंदमानात गावकऱ्यांवर तसाच प्रयोग झाला. तिथलं उत्तर जरा गुंतागुंतीचं निघालं: संसर्ग थांबला नाही, पण आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. सिंधुदुर्गात पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांना आरोग्यसेवक आणि आशाताई याच गोळ्या देतात. (स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. गरोदर बायका आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत.) पण पावसाळा चार महिन्यांचा. सगळ्यांना चार महिने प्रतिजैविक देत राहणं शहाणपणाचं नाही. कोणत्या आठवड्यात, कोणत्या वाडीत द्यायचं, हा खरा प्रश्न. त्याचं अर्धं उत्तर डॉक्टरांकडे आहे आणि अर्धं पर्जन्यमापकात.

दोन्ही अर्धी एकत्र आली नाहीत की काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. २७ जुलै २००५ ला सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पाणी ओसरलं, लोकांनी घरं धुतली, गाड्या सुरू झाल्या. आणि ऑगस्टमध्ये रुग्णालयांत लेप्टोच्या रुग्णांची रीघ लागली. जिवाणूने आपलं वेळापत्रक बिनचूक पाळलं होतं.

मोठा पाऊस म्हणजे मोठा ताप, असं सरसकट समीकरण मात्र मांडता येत नाही. डेंग्यूचं गणित जवळपास उलटं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी पुण्यातल्या डेंग्यूच्या मृत्यूंच्या नोंदी हवामानाशेजारी ठेवून पाहिल्या आणि २०२५ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध केले. तापमान २७ अंशांच्या वर, पावसाळ्यातली आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम, दिवसांवर पसरलेला, असं असेल तर डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला तर उलट कमी होतो, कारण डासांची अंडी आणि अळ्या वाहून जातात. डासाची पिढी तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा, विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण तेवढाच वेळ, मग माणसाच्या अंगात आणखी चार ते दहा दिवस. असे टप्पे एकावर एक चढत जातात. म्हणूनच त्या संशोधकांना वाटतं की हवामानावरून दोन महिन्यांहूनही आधी इशारा देता येईल.

शिरोड्याहून पूर्वेला, सह्याद्रीकडे, दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला गेलं की तिसरंच गणित सुरू होतं. इथे ताप पाऊस संपल्यावर येतो. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. तोच हा माकडताप. २०१६ च्या सुरुवातीला तो दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात सापडला, पुढल्या वर्षी बांद्याच्या परिसरात पसरला. विषाणू वाहून नेते जंगलातली गोचीड. तिचं आयुष्य मोसमी पावसाच्या तालावर चालतं. पहिल्या पावसानंतर प्रौढ गोचिडी बाहेर पडतात, पावसाळा सरल्यावर अळ्या, आणि डिसेंबरपासून मेपर्यंत गोचिडीची पिल्लं. खसखशीएवढी ही पिल्लंच माणसाला चावतात. नेमके हेच काजूचे दिवस! झाडाखालच्या वाळक्या पाल्यातून बी वेचणाऱ्या बाईचे हात आणि भुकेलं पिल्लू एकाच वेळी एकाच जागी येतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून दुसरं रक्त शोधतात, म्हणून जंगलात मेलेलं माकड हा इथला इशारा. तो पहिल्यांदा दिसतो वनरक्षकाला किंवा काजूवाल्याला, डॉक्टरांना नव्हे.

म्हणजे एकाच जिल्ह्यात लेप्टोला धुवाधार पाऊस हवा, डेंग्यूला बेताचा आणि माकडतापाला कोरडे महिने. ‘उद्या मुसळधार पाऊस’ या एका वाक्यातून आरोग्यासाठी तीन वेगळे अर्थ निघतात. ते काढायला हवामानतज्ज्ञ, डॉक्टर, पशुवैद्य आणि वनखातं एका टेबलाशी बसायला लागतात.

ही कल्पना नवी वाटेल, पण ती शंभर वर्षांची म्हातारी आहे. १९०८ च्या शरदात पंजाबात मलेरियाने हाहाकार केला, तीन लाखांच्या आसपास माणसं गेली. एस. आर. ख्रिस्टोफर्स यांनी १९११ च्या अहवालात त्याचा माग काढला तो पावसापर्यंत आणि धान्याच्या भावापर्यंत. मग १९२० च्या दशकात पंजाबच्या आरोग्य विभागातले सी. ए. गिल दर वर्षी मलेरियाचं भाकीत मांडू लागले. कशावरून? जुलै-ऑगस्टचा पाऊस, शाळकरी मुलांच्या सुजलेल्या प्लीहेचं प्रमाण आणि गव्हाचे बाजारभाव. तापाच्या अंदाजात धान्याचा भाव! गिल यांच्याकडे उपग्रह नव्हता, संगणक नव्हता. तरीही त्यांनी पाऊस, शरीर आणि पोटाची भूक एका सूत्रात ओवली. अर्धपोटी माणसाला तोच डास जास्त महाग पडतो हे त्यांनी हिशेबात धरलं, आणि ते आजच्या पुष्कळ अंदाजांत सापडत नाही.

मधल्या काळात हवामान आणि आरोग्य ही दोन्ही खाती आपापल्या वाटेने गेली. जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना या दोघींचीही मुख्यालयं आहेत. एकाच शहरात राहून त्यांना संयुक्त कार्यालय काढायला २०१४ साल उजाडलं. आपल्याकडे हवामान बदल आणि मानवी आरोग्य यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याआधी २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला होता. २०१० च्या मे महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक माणसं जास्त दगावली, तेव्हा कुठे.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर शिरोड्याच्या मिठागरांकडे वळू. १९३० च्या मे महिन्यात इथेच मिठाचा सत्याग्रह झाला. मीठ पिकतं ते उन्हाळ्यात, आणि मिठागरात काम करणारा माणूस वर सूर्य, खाली खारं पाणी आणि भोवती दमट हवा अशा जागी उभा असतो. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेचा उंबरठा मैदानी भागात ४० अंश ठेवला आणि किनाऱ्यावर ३७. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जण दगावले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, किनाऱ्यावर तो जीवघेणा आहे.

मग हे सगळं जुळवायला इतकं अवघड का जातं? कारणं कंटाळवाणी आहेत, पण खरी तीच आहेत. हवामानाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो, रोगसर्वेक्षणाचा हिशेब आठवड्याचा. पाऊस मोजला जातो जिथे पडला तिथे, आजार मोजला जातो जिथे रुग्ण दाखल झाला तिथे. शिरोड्याच्या चिखलात लेप्टो झालेला माणूस तेरेखोल ओलांडून गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पोचला, तर त्याचा ताप दुसऱ्या राज्याच्या कागदावर चढतो. शिवाय पावसाचं काय सांगावं? २००५ च्या त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. एका शहरात ही तऱ्हा, तर वेंगुर्ल्याच्या वेधशाळेचा आकडा वीसेक किलोमीटरवरच्या शिरोड्याला कितपत लागू पडणार?

गंमत अशी की बारीक मोजमाप आता उपलब्ध आहे. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. कोकणात आंबा-काजूचा हवामानावर आधारित विमा असल्या मंडळनिहाय नोंदींवर ठरतो. कुडाळजवळच्या मुळदे इथल्या केंद्रातून सिंधुदुर्गच्या शेतकऱ्यांसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला निघतो: मोहोरावर कधी फवारायचं, तरवा कधी काढायचा. झाडाला कोणत्या हवेत कोणता रोग होईल, हे आपण आठवड्यातून दोनदा सांगू शकतो. त्याच पत्रकात ‘या आठवड्यात कुणग्यात उतरणाऱ्यांनी लेप्टोची गोळी विचारून घ्यावी, पायाला जखम असेल तर गमबूट घालावेत’ एवढ्या दोन ओळी वाढवायला नवा उपग्रह सोडावा लागणार नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि हवामानतज्ज्ञ यांनी आठवड्यातून एकदा फोनवर बोलावं लागेल. आंब्याच्या मोहोराला मिळते तेवढी काळजी तो आंबा पिकवणाऱ्याला मिळायला हरकत नसावी.

तोवर एक काम तुमच्या हातात आहे. अतिवृष्टीचा इशारा असताना चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरलात, किंवा उन्हाळ्यात काजूच्या बागेत गोचीड चावली, तर घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करा. पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना आधी ती तारीख सांगा, औषधांची नावं नंतर. दिवस मोजता आले, तर निम्मं निदान तिथेच होतं.