जुनी बॅटरी आणि विक्रेत्याचे मौन

टिकाऊ वस्तूंच्या उत्पादकापुढे एक जुनेच कोडे असते. वस्तू खरोखरीच टिकली, तर पुढचे गिऱ्हाईक आणायचे कोठून? २०१७ साली 'ॲपल'च्या आयफोनबाबत जे घडले, त्याचे मूळ केवळ या कोड्यात शोधणे कदाचित अन्यायाचे ठरेल. तथापि ते बाजूला ठेवून ते प्रकरण उलगडतही नाही.

लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. वय वाढते तसा तिचा अंतर्गत विद्युतरोध वाढतो. प्रोसेसरने एकाएकी अधिक विजेची मागणी केली की विद्युतदाब घसरतो आणि फोन मध्येच बंद पडतो. यावर कंपनीने उपाय योजला. जानेवारी २०१७ मधील आयओएस १०.२.१ या आवृत्तीने थकलेल्या बॅटरीच्या फोनांचा वेग आवरण्यास प्रारंभ केला. उपाय तांत्रिकदृष्ट्या गैर नव्हता. थकलेल्या बैलाला कोणी दौडवीत नाही. गैर होते ते हे की, बैलाच्या धन्याला त्याचा पत्ताच नव्हता.

फोन मंदावला की धन्याला वाटे, यंत्रच जुने झाले. वस्तुतः जुनी झाली होती ती बॅटरी. ती बदलण्यास अमेरिकेत ७९ डॉलर पडत. नव्या फोनाला त्याच्या कितीतरी पट. विक्रेता जाणतो आणि ग्राहक जाणत नाही, या विषमतेचे विवेचन जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले होते. येथे तर वस्तू ग्राहकाच्या खिशात गेल्यावरही तिचे गुणधर्म विक्रेत्याच्याच हाती राहिले.

डिसेंबर २०१७ मध्ये वेगचाचण्यांचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा कंपनीने कबुली दिली, क्षमा मागितली आणि २०१८ या वर्षापुरता बॅटरीचा दर २९ डॉलरवर आणला. पुढे २ जानेवारी २०१९ रोजी टिम कुक यांनी भागधारकांना कळविले की, उत्पन्न अपेक्षेहून कमी राहील. मुख्य कारण चीनमधील मंदी हे होते. परंतु स्वस्तात बॅटरी बदलून घेणाऱ्या ग्राहकांचाही त्या पत्रात उल्लेख होता. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना असा प्रयोग सहसा फुकट पाहावयास मिळत नाही!

फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांना पूर्वकल्पना न दिल्याबद्दल. तत्पूर्वीच, मार्च २०१८ मध्ये, बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दाखविण्याची सोय आयफोनमध्ये आली होती. जुना आयफोन घेणारा आता दुकानदाराला आधी तोच आकडा विचारतो.