दंडामागची घडी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत खासबाग मैदानाच्या आसपास वाढलेल्या माणसाला पोराचं अंग जोखायची सवय असते. तालमीतले वस्ताद नजरेनं जोखतात, आया मनगट धरून. मी शाळेत पंचवीस वर्षं खेळ शिकवले, आणि माझ्या कपाटात या कामासाठी एक चिमटा आहे: कॅलिपर.

गेल्या पावसाळ्यात बारा वर्षांची दोन मुलं आली. एक कुस्तीतला, ४८ किलोचा. "बाई, हा फार सुटलाय," असं म्हणत आईनं आणलेला. दुसरा ३१ किलोचा, "खाल्लेलं अंगाला लागत नाही" या तक्रारीचा.

खांद्याचं हाड ते कोपर, यांच्या बरोबर मध्ये दंडाच्या मागच्या बाजूला खूण करायची. हात सैल. अंगठा आणि तर्जनीनं कातडी आणि तिच्याखालची चरबी यांची घडी उचलायची. स्नायू हातात येता कामा नये. खालच्या बाजूला चिमटा लावून दोन सेकंदांत आकडा वाचायचा. असं तीनदा. मग पोटरीच्या आतल्या बाजूला तसंच. कॅलिपरचा दाब ठरलेला असतो, दर चौरस मिलिमीटरला दहा ग्रॅम. म्हणून बोटांच्या जोरानं आकडा बदलत नाही.

पैलवानाच्या दोन घड्यांची बेरीज १७ मिलिमीटर आली, बारक्याची २९. अमेरिकेत स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मुलांसाठी सूत्र दिलं: बेरजेला ०.७३५ नं गुणा, त्यात १ मिळवा. पैलवानाच्या अंगात अंदाजे साडेतेरा टक्के चरबी, तर बारक्याच्या बावीस टक्क्यांवर. मुलींचं सूत्र वेगळं आहे.

बारक्याची आई चकित झाली, पण बारीक अंगातली ही चरबी आपल्याकडे जन्मापासून दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळं मोजली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण खवाट्याखालची चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुढच्या मधुमेहाचं बीज याज्ञिकांना इथंच दिसलं.

म्हणून वजनकाट्यावर सगळा भरवसा ठेवू नये. सूत्रावरही नाही, ते परदेशी मुलांवरून बांधलेलं आहे, वयात येताना अंग बदलतं, मोजणारा बदलला की आकडाही हलतो. मी त्याच हातानं, त्याच खुणेवर, तीन महिन्यांनी पुन्हा मोजते आणि घडी वाढते की घटते एवढंच बघते. बारक्याला मी औषध सांगितलं नाही. रोज तासभर मैदान, आणि दूध, डाळ, अंडी.

पालकांना एकच विनवणी. मोजताना आकडा मोठ्यानं वाचू नका, आणि पोराला चारचौघांत "जाड्या" किंवा "काडी" म्हणू नका. घडी तीन महिन्यांत कमी होऊ शकते. तो शब्द मात्र पोराच्या मनात वर्षानुवर्षं राहतो.