विषाणू गेल्यानंतरचा ताप

एप्रिल २०२०. लंडनच्या एव्हेलिना बालरुग्णालयात दहा दिवसांत आठ मुलं गंभीर अवस्थेत आली. काही केल्या न उतरणारा ताप, लाल डोळे, पुरळ, पोटदुखी, जुलाब आणि झपाट्यानं खालावणारा रक्तदाब. कोरोनाची चाचणी मात्र सुरुवातीला सगळ्यांचीच निगेटिव्ह होती! इटलीतल्या बेर्गामोचे बालरोगतज्ज्ञही तेव्हा असेच रुग्ण पाहत होते. लक्षणं कावासाकी आजाराची आठवण करून देणारी होती, पण तो प्रामुख्यानं पाच वर्षांखालच्या मुलांना होतो; यातली बहुतेक मुलं त्याहून मोठी होती.

या आजाराला पुढे एमआयएस-सी हे नाव मिळालं. संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी तो उद्भवतो. मूल कधीच बरं झालेलं असतं, अनेकदा तर त्याला कोरोना होऊन गेल्याचं घरात कुणाला कळलेलंही नसतं.

खरं तर मुलांची प्रतिकारशक्ती या विषाणूला चांगली पुरून उरली. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की मुलांच्या नाकातल्या पेशी आधीपासूनच सज्ज असतात. विषाणू ओळखणारी यंत्रणा तिथे मोठ्यांपेक्षा जास्त जागी असते, त्यामुळे विषाणूला रोखणारं इंटरफेरॉन लवकर तयार होतं आणि बहुतेक मुलांचा आजार सर्दीखोकल्यावर निभावतो.

मग थोड्या मुलांत हीच शक्ती उलटते कशी? २०२४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी याचा एक ठोस धागा शोधला. एमआयएस-सी झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या रक्तात त्यांना एसएनएक्स८ या शरीराच्याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. या प्रथिनाचा एक तुकडा कोरोनाच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाच्या एका तुकड्याशी मिळताजुळता आहे. चोराच्या चेहऱ्याशी साम्य असल्यामुळे घरचाच माणूस धरला जावा, तसा हा प्रकार. काही मुलांच्या टी-पेशीही दोन्ही तुकड्यांवर चाल करून जात होत्या. उरलेल्या मुलांत काय बिघडतं, त्याचं उत्तर एकच असेल असं मला वाटत नाही.

उपचार आहेत, ही फार मोठी दिलाशाची गोष्ट. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड वेळेवर दिली तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, ताणाखाली आलेलं हृदयसुद्धा सावरतं.

आता हा आजार खूपच विरळ झाला आहे, तरी संपलेला नाही. म्हणून पालकांनो, मुलाचा ताप तीन दिवसांत उतरला नाही आणि जोडीला पुरळ, लाल डोळे किंवा पोटदुखी असेल, तर थांबू नका. घरात गेल्या महिना-दीड महिन्यात कुणाला कोरोना झाला असेल किंवा नुसता सर्दीताप येऊन गेला असेल, तरी तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.