बावीस सेकंदांसाठी पंधरा वर्षं

 

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि आम्ही सहज विचारलं, "पोहता कोणाकोणाला येतं?" दोनच हात वर झाले. दोघींचं माहेर नदीकाठचं. बाकीच्या हसल्या. एक जण म्हणाली, "बाईमाणसाला पोहून काय करायचंय?" त्याच दिवशी आम्ही ठरवलं, पुढचं बोलणं पोहण्यावर करायचं. तेही एके काळी देशात सगळ्यांत जोरात पोहलेल्या माणसावर. हा माणूस आपल्या महाराष्ट्रातला. नाव वीरधवल खाडे, गाव कोल्हापूर.

आधी त्याची शर्यत समजून घेऊ. मोठ्या स्पर्धांचा तलाव 50 मीटर लांब असतो. एसटीच्या पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर साधारण तेवढी लांबी होते. या टोकाच्या ओट्यावरून उडी मारायची आणि त्या टोकाच्या भिंतीला हात लावायचा. झाली शर्यत. हिला 50 मीटर फ्रीस्टाइल म्हणतात. फ्रीस्टाइल म्हणजे मोकळं पोहणं, तुम्हाला हवं तसं पोहा. पण सगळेच पालथे होऊन एकामागून एक हात फिरवत पोहतात, कारण तीच रीत सगळ्यांत वेगाची आहे.

लांबच्या शर्यतीत दम राखून पोहावं लागतं. या शर्यतीत दम राखायला वेळच नसतो. पहिल्या क्षणापासून अंगात असेल नसेल तेवढी ताकद लावायची. उडी मारल्यावर काही अंतर पाण्याखालूनच कापतात, पण 15 मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे, असा नियम आहे. श्वास घ्यायला मान वळवली की वेग तुटतो. म्हणून कोणी सबंध शर्यतीत एखादाच श्वास घेतो, कोणी तोही घेत नाही. पलीकडच्या भिंतीवर एक पाटी असते, तिला हात लागला की घड्याळ आपोआप थांबतं. ते घड्याळ एका सेकंदाचे 100 भाग करून मोजतं. हे 100 भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

वीरधवलचा जन्म 1991 सालचा. पोहण्यात पुढे जायचं तर मोठा तलाव हवा, तो बाराही महिने चालू हवा आणि शिकवणारा जाणकार हवा. त्यासाठी तो कोल्हापूर सोडून बेंगळुरूला गेला आणि निहार अमीन या प्रशिक्षकांकडे शिकला. 2008 साली चीनमध्ये बीजिंगला ऑलिंपिक झालं, तेव्हा त्याला सतरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. तिथं तो 50, 100 आणि 200 मीटर अशा तिन्ही फ्रीस्टाइल शर्यतींत भारताकडून उतरला. विचार करा, आपल्याकडे या वयाचं पोरगं अकरावी-बारावीत असतं.

दोन वर्षांनी, 2010 मध्ये, चीनमध्येच ग्वांगझू शहरात आशियाई स्पर्धा झाल्या. तिथं त्याला कांस्यपदक मिळालं, म्हणजे तिसरा नंबर. हे पदक 50 मीटर बटरफ्लायचं. या प्रकारात दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे टाकतात, फुलपाखराच्या पंखांसारखे. त्याआधी आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्याचं पदक मिळालं होतं ते 1986 मध्ये, खजान सिंग यांना. मधली 24 वर्षं कोरडीच गेली होती. 2011 मध्ये वीरधवलला अर्जुन पुरस्कार मिळाला.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, पुढे सगळं सोपं झालं असेल. तसं झालं नाही. पदकानं कौतुक होतं, पण घर चालवायला पगार लागतो. आपल्या राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत आरक्षण आहे आणि मोठं पदक आणणाऱ्याला थेट नेमणूकही मिळते. वीरधवल असाच तहसीलदार झाला. तहसीलदार म्हटलं की आपल्याला निराधार योजनेचा अर्ज आठवतो, रेशनकार्ड आठवतं. तेच काम. कोकणात मालवणच्या तहसील कचेरीत त्यानं ते केलं. पण कचेरी सांभाळताना पोहणं मागं पडलं. आणि पोहण्याचं अंग फार लवकर मोडतं. वजन वाढतं, पाण्यावरची पकड सुटते. काही वर्षांनी तो पुन्हा पाण्यात उतरला आणि जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात केली.

आता ते 100 भाग आठवा. 2018 मध्ये इंडोनेशियात जकार्ताला आशियाई स्पर्धा होत्या. वीरधवल सत्तावीस वर्षांचा होत आला होता. 50 मीटर फ्रीस्टाइलच्या पहिल्या फेरीत त्यानं 22.43 सेकंद घेतले आणि नवा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम शर्यतीत त्यानं 22.47 सेकंदांत भिंतीला हात लावला. तिसऱ्या आलेल्या जपानच्या पोहणाऱ्याचे सेकंद होते 22.46. फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. त्या वेगानं पोहणारा माणूस तेवढ्या वेळात फक्त दोनेक सेंटिमीटर पुढे जातो. आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. तेवढ्यानं पदक हुकलं आणि त्याचा नंबर चौथा लागला.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "म्हणजे एवढं करून हातात काय आलं?" प्रश्न खरा आहे. नोकरीत पडलेला खंड भरून काढत, सत्ताविशीला टेकलेला माणूस त्या दिवशी आपल्या आजवरच्या सगळ्यांत चांगल्या वेळेच्या अगदी जवळ पोहला होता. त्यानं काही कमी केलं नव्हतं. दुसरा माणूस अंगठाभर पुढं होता, एवढंच. नंबर आपल्या एकट्याच्या हातात नसतो, तयारी असते.

2020 मध्ये कोरोना आला, तलाव बंद झाले आणि बंदच राहिले. तेव्हा बहुतेक निवृत्त व्हावं लागेल, असं त्यानं जाहीरपणे लिहिलं होतं. धावणारा रस्त्यावर धावू शकतो, पण पोहणाऱ्यानं पाण्याविना काय करायचं? तरी तो थांबला नाही. 2023 मध्ये गोव्यात राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. तिथं पुरुषांची 50 मीटर फ्रीस्टाइल त्यानं जिंकली. आणि महिलांची 50 मीटर फ्रीस्टाइल कोणी जिंकली? ऋजुता खाडे यांनी, म्हणजे त्याच्या बायकोनं! तेच अंतर, तसंच घड्याळ, आणि एकाच घरात दोन सुवर्णपदकं. त्याच स्पर्धेत वीरधवलनं स्पर्धेच्या पोहण्याला निरोप दिला. बीजिंगपासून मोजलं तर पंधरा वर्षं झाली होती.

मैत्रिणींनो, ऋजुताताईंचं नाव ऐकलं तेव्हा बैठकीतलं ते बोलणं आम्हाला परत आठवलं, "बाईमाणसाला पोहून काय करायचंय?" पाणी तर आपल्या चहूबाजूंना आहे. कयाधू आहे, पैनगंगा आहे, सिद्धेश्वरचं धरण आहे, इसापूरचं आहे. वावरात विहीर आहे, आता शेततळीही झाली आहेत. पाणी भरायला, धुणं धुवायला, मोटर बघायला बाईच जाते. पोरगा पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतो. पोरीला मात्र "तू काठावरच बस" म्हणतो. म्हणजे पाण्याशी रोज काम जिचं, तिलाच पोहता येत नाही.

प्रत्येक पोरगी ऋजुता होणार नाही, व्हायलाही नको. पण तिला पाण्यावर तरंगता आलं पाहिजे. शिकवायचं ते चांगलं पोहता येणाऱ्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, आणि शक्य असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या तलावात. शेततळ्यात कधीच नाही. त्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शेततळं असेल तर त्यात गाठी मारलेला दोर कायमचा सोडून ठेवा आणि भोवती कुंपण घाला. कोणी बुडताना दिसलं तर मागे उडी टाकू नका. आरडाओरडा करून माणसं गोळा करा, आणि काठावर आडवं पडून दोर, काठी नाहीतर लुगडं त्याच्याकडे फेका.

पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एक काम करा. गटातल्या किती जणींना आणि त्यांच्या किती लेकींना पोहता येतं ते मोजा, वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो आकडा आपण परत मोजू.

भेटूया पुढच्या बोलण्यात. तोवर नमस्कार.