उपवर्गांचा शोध

संगणकाच्या भाषेत वर्ग म्हणजे वस्तू घडवण्याचा साचा. चित्रे काढण्याच्या एखाद्या आज्ञावलीत ‘आकृती’ हा मूळ वर्ग आहे, ‘बहुभुज’ हा तिचा उपवर्ग आणि ‘त्रिकोण’ हा बहुभुजाचा उपवर्ग, असे समजू. आज्ञावली चालू असतानाच नव्या आकारांचे एक ‘बंडल’ तिला जोडले, तर त्यातले आकृतीचे उपवर्ग कसे ओळखायचे? मॅक संगणकावरील ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेचे उदाहरण घेऊ.

शाळेचे जनरल रजिस्टर आठवा. त्यात मुलाच्या नोंदीत वडिलांचे नाव असते. वडिलांच्या नावाखाली मुलांची यादी नसते. इथेही प्रत्येक वर्गाला त्याचा जनकवर्ग विचारता येतो. म्हणून स्मृतीत दाखल झालेल्या सर्व वर्गांची यादी आपण मागवतो आणि एकेकापासून जनकाकडे, मग त्याच्या जनकाकडे असे वर चढत जातो. वाटेत ‘आकृती’ भेटली की तो तिचा उपवर्ग. एकच पायरी चढून थांबलो तर ‘बहुभुज’ सापडेल, पण ‘त्रिकोण’ निसटेल. बंडल जोडण्यापूर्वीची व नंतरची यादी ताडून पाहिली की नवे वर्गही वेगळे कळतात.

मात्र रजिस्टरात नाव येते ते प्रवेशानंतरच. बंडल स्मृतीत घेतल्याशिवाय त्यातले वर्ग यादीत दिसत नाहीत. आणि घेताक्षणी त्यातल्या काही आज्ञा आपोआप चालू शकतात. अनोळखी बंडल नुसते तपासायला घेणे म्हणूनच धोक्याचे. बंडलासोबत माहितीची एक फाइल असते. तीत मुख्य वर्गाचे नाव लिहून ठेवता येते आणि ते वाचण्यासाठी आतल्या आज्ञा चालवाव्या लागत नाहीत. आधी दाखला वाचावा, मग प्रवेश द्यावा, हे बरे.