जुने कवच, नवे यंत्र

निळा पडदा, त्यावर फिकट निळी अक्षरे आणि 'रेडी' या एका शब्दाखाली लुकलुकणारा चौकोन. १९८२ साली अमेरिकेत आलेला 'कमोडोर ६४' हा घरगुती संगणक सुरू करताच एवढेच दिसत असे. पुढे काय करायचे, हे यंत्र सांगत नसे. ते माणसाच्या आज्ञेची वाट पाहत असे. त्याची स्मृती अवघी ६४ किलोबाइट. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्रही त्यात मावणार नाही. तरीही चार दशकांनंतर या यंत्राच्या प्रतिकृती नव्याने घडविल्या जात आहेत आणि पन्नाशी ओलांडलेली माणसे त्या आवडीने विकत घेत आहेत.

मूळ यंत्रामागची कथा व्यापारी घराण्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल हे पोलंडमध्ये जन्मलेले आणि आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेले गृहस्थ. अमेरिकेत टंकलेखन यंत्रांच्या दुरुस्तीपासून त्यांनी आरंभ केला आणि पुढे ते गणकयंत्रांच्या व्यवसायात शिरले. ज्या कंपनीकडून ते सुटे भाग घेत, तीच कंपनी स्वस्त गणकयंत्रे घेऊन बाजारात उतरली आणि त्यांचा धंदा बुडण्याच्या बेतात आला. त्यातून धडा घेऊन १९७६ मध्ये त्यांनी चिप बनविणारा कारखानाच विकत घेतला. त्यामुळे ५९५ डॉलरला आलेला हा संगणक वर्षभरातच २०० डॉलरच्या आसपास विकणे त्यांना शक्य झाले. सामान्य कुटुंबाला संगणक परवडू लागला आणि त्याचे सव्वा कोटीहून अधिक नग खपले. १९८४ मध्ये ट्रॅमिएल कंपनीतून बाहेर पडले. १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. माल संपला, दुकान मिटले. आठवण मात्र राहिली.

त्या आठवणीचाच आता व्यापार होतो. रेट्रो गेम्स या ब्रिटिश कंपनीने २०१८ मध्ये कमोडोर ६४ ची निम्म्या आकाराची 'मिनी' आवृत्ती आणली आणि २०१९ मध्ये पूर्ण आकाराची. २०२४ मध्ये ब्रिटनच्या 'स्पेक्ट्रम' या रबरी बटणांच्या संगणकाचाही तिने पुनर्जन्म घडविला. बाहेरचे कवच जुन्यासारखे. आत मात्र आजची चिप आणि जुन्या यंत्राचे वागणे हुबेहूब वठविणारी आज्ञावली. कॅसेट गेली, यंत्र थेट आजच्या दूरचित्रवाणी संचाला जोडता येते.

कॅसेट गेली, म्हणजे प्रतीक्षाही गेली. पूर्वी एखादा खेळ कॅसेटवरून यंत्रात उतरायला कित्येक मिनिटे लागत. मासिकात छापलेल्या आज्ञावलीच्या ओळी मुले हाताने उतरवून काढीत. एक स्वल्पविराम चुकला तरी सारे अडे. ती चूक शोधता शोधता कित्येकजण संगणकशास्त्र शिकले. आपल्याकडेही १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' योजनेतून ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक निवडक शाळांत पोहोचले होते. त्या वर्गांत बसलेल्यांना ही हुरहूर नवी वाटणार नाही.

मिनी आवृत्तीतला एक तपशील मात्र विचार करायला लावतो. तिच्यावरची बटणे केवळ शोभेची आहेत. ती दाबली जात नाहीत. त्यामुळे साठवलेले खेळ खेळता येतात, पण वेगळा कळफलक जोडल्याशिवाय स्वतःचे काही सहजपणे लिहिता येत नाही. पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीची बटणे खरी आहेत. तिच्यावर आजचे मूलही पहिली आज्ञावली लिहू शकते. स्मृतिचिन्ह आणि साधन यांतला फरक हाच.

दिवाळीत वीर निर्वाण संवत्सराच्या आरंभी आपण चोपडापूजन करतो. हिशेब वर्षभर संगणकात असतो. पुजली जाते ती लाल वही. तिच्या पहिल्या पानावरचे कुंकवाचे स्वस्तिक जर सचोटीच्या व्यवहाराची आठवण देत असेल, तर त्या वहीची बटणे अजून खरी आहेत. अन्यथा तीही मिनीच.

मग ही यंत्रे घ्यावीत का? आपल्या शास्त्रकारांनी वस्तूपेक्षा तिच्यावरील मूर्च्छेला परिग्रह म्हटले आहे. केवळ कपाट सजविण्यासाठी आणखी एक वस्तू घरात आणण्याची गरज नाही. जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या आज्ञावली विनामूल्य मिळतात आणि घरातल्या संगणकावरही चालतात. मात्र नातवाला शेजारी बसवून दोन ओळी लिहायला शिकवायचे असेल, त्याची चूक त्यालाच शोधू द्यायची असेल, तर तो खर्च वाया जाणार नाही. जपण्यासारखे होते ते यंत्राचे कवच नव्हे. त्याच्यापुढे बसून शिकलेला धीर.